दुसऱ्या लाइनीचा नारळ

"बाबा, तुमचा हात तं बरा झाला. मंग तुमी जिनात काहून जात नाई?"

रागिणीने हे विचारलं तेव्हा घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं होतं. पाळण्याला बांधलेले फुगे पंख्याच्या वाऱ्यावर एकमेकांना घासत होते आणि ज्याच्या-त्याच्या हातात घुगऱ्यांचा द्रोण होता. तिला खरं तर हळूच विचारायचं होतं, बाबांच्या कानाशी. पण अमरावतीच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून आवाज तिच्या ताब्यात राहिला नव्हता. बाईंनी शिकवलं होतं, बेंबीच्या देठापासून बोलायचं, शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्यालाही जाग आली पाहिजे. तसंच झालं. शेवटच्या रांगेत, म्हणजे दाराशी, चपलांच्या ढिगापलीकडे बसलेले जिनातले नत्थुजी मुकादम घास चावायचे थांबले.

प्रश्न तिचा नव्हताच. अकरावीच्या वर्गात रिकाम्या तासाला मुलींचा एक खेळ चालायचा. घरात जे कोणीच विचारत नाही, ते विचारून दाखवायचं. मोनालीने तिच्या मामाला भर जेवणात विचारलं होतं, "मामा, तुमची सरकारी नोकरी नेमकी कोणत्या खात्यात हाय?" तेव्हापासून मामा त्यांच्याकडे फिरकला नव्हता. मग मोनालीनेच बोट रागिणीकडे वळवलं. "तुहे बाबा दिवसभर घरी काहून असतात व? दम हाय तं इचार. सगळ्यायसमोर." रागिणी म्हणाली होती, हॅट्, त्यात काय!

त्यात काय होतं ते आता तिच्यासमोर होतं. पाळण्याच्या हालत्या दोऱ्यांखेरीज घरात काही हलत नव्हतं.

बाबा, म्हणजे गोपाल, पाळण्याजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उजवा हात दुपट्ट्याखाली होता. तो नेहमी दुपट्ट्याखालीच असायचा. मागच्या हिवाळ्यात, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना, मशिनीच्या पट्ट्याने त्यांची बाही ओढली आणि बाहीसोबत हात. अमरावतीला दोन ऑपरेशनं झाली, हाडं जुळली. शेवटची दोन बोटं तेवढी वाकत नव्हती आणि त्यांना गरम-थंड कळत नव्हतं. त्याआधी गोपालभाऊ म्हणजे जिनातल्या, कापसाच्या कारखान्यातल्या, दुसऱ्या लाइनीचे फिटर. सरकीतून रुई वेगळी करणारी ती लांबच लांब मशिनींची ओळ त्यांच्या हाताखाली होती, आणि त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांच्या, आबाजींच्या.

"पोट्टीले लय बोलणं आलं हाय," सुभद्राआत्याने हसण्यावारी नेलं. दर्यापूरहून सकाळच्या जीपने आलेली आत्या आजची मानकरीण होती. बाळाच्या कानात 'रुद्रांश' हे नाव तिनेच नुकतं सांगितलं होतं. "ढाल काय भेटली, बापाचीच परीक्षा घ्याले लागली! खा, घुगऱ्या खा."

पण नत्थुजी उठले. साधा, सरळ माणूस. त्यांना वाटलं प्रश्न आपल्यालाच आहे.

"नाई जी, पोरगी बराबर इचारून राहिली. गोपालभौ, मी तं होळीले येऊन सांगून गेलो होतो. नवीन मॅनेजर म्हणे, त्यायले सकाळचे दोन तास येऊ द्या. मशिनीपाशी नाई, स्टोअरात. सामान देणं-घेणं. जमलं तं मंग हळूहळू वाढवू. सोबत माणूस देतो म्हणे. चांगला माणूस हाय तो, बाहेरगावचा असला तरी. पण तुमच्या घरूनच 'नाई' आलं."

"होळीले?" आत्या म्हणाली.

"होळीच्या दुसऱ्या दिवशी. रंग होता अंगावर माह्या."

आत्याने आधी गोपालकडे पाहिलं, मग कॉटवर तक्क्याला टेकलेल्या आबाजींकडे. "कोणी देला निरोप?"

"मी देला," आबाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही लपवाछपवी नव्हती. "बापानं पोराची काळजी केली. चोरी केली का?"

"गोपालले इचारलं होतं?"

"त्याले काय इचारायचं? भात कालवून द्या लागत होता त्याले तवा."

नत्थुजींच्या लक्षात आलं की आपण नको तिथे पाय ठेवला. ते गडबडीने मूळ कामावर आले. "जाऊ द्या जी, झालं ते झालं. मी आज घुगऱ्या खायलेच आलो, पण एक इचारून ये म्हणे मॅनेजर. परवा खंडेनवमी. दुसऱ्या लाइनीचा नारळ कोण फोडते?"

ते एवढ्या सहज म्हणाले, जणू चहात साखर किती विचारत होते. पण घरातल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत होता. खंडेनवमीला जिनातल्या मशिनींना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, आणि प्रत्येक लाइनीसमोर त्या लाइनीचा फिटर नारळ फोडतो. ज्याने फोडला, हंगामभर लाइन त्याची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण शेटपासून रुई वेचणाऱ्या बायांपर्यंत सगळे पाळतात. दुसऱ्या लाइनीचा नारळ आबाजींनी जन्मभर फोडला. मग गोपालने. गोपालचा हात पट्ट्यात गेला तेव्हा जिनातल्या रिवाजाप्रमाणे घरचंच माणूस जागा राखायला पाठवलं गेलं. बदली म्हणतात त्याला. तो बदली म्हणजे धाकटा भाऊ, कुलदीप. आज त्याच्याच पोराचं बारसं होतं.

"यंदा जरा येगळं हाय," नत्थुजी खाली बघत म्हणाले. "मॅनेजर म्हणते, बदली-बिदली बंद. जो नारळ फोडन, तो कायमचा."

द्रोण खाली ठेवले गेले. शेजारपाजारच्या बाया पोरांना उचलून "येतो जी, येतो" म्हणत निघू लागल्या. वऱ्हाडातली माणसं भांडण बघायला थांबतात म्हणे, पण हे भांडण बघवणारं नव्हतं हे त्यांना आधीच कळलं असावं. थोड्या वेळात घरचेच तेवढे उरले, आणि न घरचे न बाहेरचे नत्थुजी.

"यात इचाराचं काय?" आत्या म्हणाली. "जागा गोपालची. तो फोडन. बदली म्हणजे बदली. बसमंदी शीटवर रुमाल टाकला म्हणून शीट रुमालाची होते का?"

रागिणीला फिस्सकन हसू आलं. तिने ते ओढणीत दाबलं, पण कुलदीपकाकाने पाहिलं.

"म्हणजे मी रुमाल?" काका म्हणाला. तो चिडला की त्याचा आवाज खाली जायचा. "बाई, दर्यापूरले तुमच्याच गल्लीत माहं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. तुमीच म्हणत होत्या, कुलदीपच्या हातची मोटर पुन्हा जळत नाई. आबाजीचा फोन आला, जागा जाईन, ये. मी आलो. कोणी इचारलं होतं का मले, तुले याचं हाय का? शटर खाली ओढलं आन् आलो. आता त्या गाळ्यात कोणी मोबाइलचं दुकान टाकलं. आता मले म्हणता, उठ?"

"उठ कोणी म्हटलं?"

"तुमचं तोंडच म्हणून राहिलं ना."

"माह्या तोंडाचं नको सांगू तू! लहानपणी याच हातानं धुतलं तुहं तोंड."

"बाई." ही रूपालीकाकी. ती पाळण्यामागून उठली, कडेवर रुद्रांश, कपाळावर बारशाचं मोठं कुंकू. काकी या घरात फार बोलत नसे. "आता तुमी याच्या कानात नाव सांगतलं. पहिलं नाव यानं तुमच्या तोंडून ऐकलं. आन् लगेच याच्या बापाले रुमाल म्हणता?"

बाळाने जांभई दिली आणि मूठ उघडून मिटली. आत्या त्या मुठीकडे बघत राहिली. रागिणीला दिसत होतं, आत्या आतून सरकत होती, जशी जीपमध्ये एकजण वाढला की सगळे बोट-बोट सरकतात. "तसं नाई व रूपाली. मी काय याची वैरीण हावो का? मले दोघंबी सारखेच." मग ती गोपालकडे वळली. "गोपाल, लेका, तूच बोल ना आता. तुह्या मनात काय हाय?"

सगळे बाबांकडे पाहू लागले. रागिणीही. बोला ना बाबा, तिने मनातल्या मनात ओरडून सांगितलं. बेंबीच्या देठापासून बोला. एकदा म्हणा, मी जातो. एकच वाक्य तं हाय.

बाबांनी घसा साफ केला. दुपट्टा जरा सारखा केला. ओठ उघडले.

"ते नाई जाणार."

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला होता. आई तिथे उभी होती, वनिता, पिठाचे हात तसेच. तिने कोणाकडे पाहिलं नाही. "कुलदीपभाऊच फोडतीन नारळ. ह्यायचं काही नाई."

बाबांचे ओठ मिटले. इतके हळू मिटले की रागिणीला वाटलं, आपण हात घालून ते उघडे धरायला हवे होते.

"ठरलं मंग," आबाजी म्हणाले. "नारळ कुलदीपचा. गोपालनं आराम करावा. देवाच्या दयेनं घरात दोन घास हायेत." आणि त्यांनी तक्क्यावरची मान वळवली. बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ असायचा.

काका जिंकला होता, पण त्याचा चेहरा जिंकलेल्याचा नव्हता. तो पाळण्याचे फुगे सोडू लागला. एक फुटला आणि रुद्रांश रडायला लागला.

नत्थुजी निघाले. दाराशी चपला शोधताना त्यांनी बाबांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी वर पाहिलं. एवढ्या सगळ्यात पहिल्यांदाच बोलले.

"तिसऱ्या मशिनीची खडखड गेली का जी?"

"नाई, गोपालभौ," नत्थुजी म्हणाले. "करतेच."

बाबांनी मान हलवली. पोरगं परगावी शिकायला गेलं की बाप त्याची खुशाली ज्या आवाजात विचारतो, तसा तो आवाज होता.

*

स्वयंपाकघरात आई वरणाचा मोठा गंज घासत होती. घासून झाला होता, तरी घासतच होती.

"आई, तू?" रागिणी म्हणाली. "आबाजी म्हणाले असते तं समजू शकते. काकानं म्हटलं असतं, तेबी. पण तू?"

"हळू बोल. ढाल भेटली म्हणून काही भिंती जाड नाई झाल्या."

"होळीचंबी तुले माहीत होतं?"

आईने गंज उपडा घातला. "मीच आबाजीले म्हटलं होतं, नाई सांगा."

रागिणी खाली बसली. फरशी ओली होती. नवा ड्रेस भिजत होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं, यावरूनच तिला कळलं की आपल्याला किती लागलं आहे.

"जिनातून फोन आला तवा मी पोळ्या करून राहिली होती," आई म्हणाली. ती भिंतीशी बोलावं तशी बोलत होती. "तवा गॅसवर होता. तो तसाच राहिला, शेजारच्या माणिकबाईनं कुलूप उघडून बंद केला. अमरावतीले डॉक्टर म्हणे, हात राहीन का नाई, मी सांगू शकत नाई. मी तिथं बाकड्यावर बसली आन् देवाले म्हटलं, हात दे, मंग काही मागत नाई. देवानं देला. आता मी तोच हात उचलून पुन्हा त्या पट्ट्यापाशी ठेवू?"

"पट्ट्यापाशी नाई आई. स्टोअरात! नत्थुजी म्हणाले ना, सोबत माणूस…"

"आज स्टोअर, उद्या लाइन. तुले तुहा बाप माहीत नाई का? मशीन खडखडली का तो स्टोअरात बसन?"

हे खरं होतं. वक्तृत्वात उत्तर नसलं की आवाज चढवायचा असतो, पण इथे ते चालणार नव्हतं.

"पण आई, घरी बसून बसून ते…" तिने ओल्या फरशीवर बोट फिरवलं. "ते कमी होऊन राहिले. रोज थोडे थोडे."

"माहीत हाय मले," आई म्हणाली. "पण हायेत तं."

रागिणीने पुसायला ताटं घेतली आणि एकेक ताट पुसताना तिला अमरावतीच्या दवाखान्यातली व्यायाम घेणारी ताई आठवत राहिली. ताईने मऊ मातीसारखा एक गोळा दिला होता, दाबायला. आणि जाताना आईला बजावलं होतं, घरात यांना कामं करू द्या, हातातून पडलं तर पडू द्या, धावू नका. दुसऱ्याच दिवशी बाबांच्या हातून पाण्याचा पेला पडला आणि घरातली झाडून सगळी माणसं धावली. आबाजी कॉटवरून उठले, काका अंघोळीतून ओल्या अंगाने आला. त्या दिवसापासून बाबांच्या हाती कोणी पेला दिला नाही. गोळा देवळीत पडून दगडासारखा झाला. अमरावतीच्या फेऱ्या आबाजींनी बंद केल्या, म्हणाले, त्या हाताला आता छळू नका. आणि सगळं घर या सेवेचा अभिमान बाळगून होतं! आत्या दर्यापूरला सांगत असे, माह्या भावाले तिथं काडी उचलू देत नाईत. रागिणी स्वतः रोज बाबांची भाकर कुस्करून देत होती. मैत्रिणींना हे तिने कौतुकाने सांगितलंही होतं.

पुसता पुसता तिच्या हातातलं ताट थांबलं. म्हणजे एकट्या आबाजींनी नाही, एकट्या आईने नाही. या हातांनीसुद्धा.

*

दिवेलागणीला ती गच्चीवर गेली. बाबा पाण्याच्या टाकीशेजारच्या कट्ट्यावर बसले होते. खालच्या गल्लीत देवीच्या मंडपात कोणीतरी माइक तपासत होतं, हॅलो, हॅलो, आणि पुढे काहीच बोलत नव्हतं.

"बाबा, माहं चुकलं," ती म्हणाली. "सगळ्यायसमोर नव्हतं इचारायचं."

"चुकलं काय त्यात."

"तो प्रश्न माहा नव्हता. मैत्रिणीयनं पैज लावली होती. खेळ हाय आमचा. घरात कोणी इचारत नाई ते इचारायचं."

बाबा नाकातून हसले. हसू मोठं नव्हतं, पण हसूच होतं. "कोण मैत्रीण?"

"मोनाली."

"तिले म्हण, डोकं हाय तुले. घरी कोणीच इचारलं नोतं."

त्यांनी डाव्या हाताने तिच्यासाठी कट्ट्यावरची धूळ झटकली. ती बसली.

"होळीले मी आतल्या खोलीत होतो," ते म्हणाले. "खिडकी उघडीच होती. नत्थुजी ओट्यावर बोलून राहिले होते, दोन तास, स्टोअर, सगळं ऐकलं मी."

रागिणीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मंग तुमी बाहेर काहून नाई आले? नत्थुजीले हो काहून नाई म्हटलं?"

"म्हणीन म्हणीन म्हणेपर्यंत आबाजी नाई म्हणून बसले. मंग वाटलं, उठून जाव, सांगाव. उठलोबी. तवर नत्थुजीची गाडी सुरू झाली." बाबांनी दुपट्ट्याचं टोक झटकलं. "मंग इचार केला, बाप म्हणते नाई, बायको म्हणते नाई. दोघंबी माह्यावर जीव टाकतात. त्यायले दिसत असन ना काही. नसीनच मी बरा."

"बाबा!"

"ऐक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो जिनात. कोणाले सांगतलं नाई. देवळात जातो म्हणून निघालो आन् चालत गेलो. हंगाम नव्हता, मशिनी खोलून ठेवल्या होत्या, सफाई चालू होती. मले वाटलं मले भेव वाटन. पट्टा पाहून घाम फुटन. पण नाई वाटलं व. पट्टा पट्ट्यासारखाच होता. मले पाहून सगळे उठून उभे राहिले. तो शेखर, माह्या हाताखाली शिकला, शिव्या खाल्ल्या त्यानं माह्या, तो धावत गेला आन् ऑफिसातली खुर्ची घेऊन आला. फडक्यानं पुसली. बसा म्हणे, काका. च्या आणला. मी बसलो. ते काम करून राहिले आन् मी बसून राहिलो. समोर पाने पडले होते, नट पडले होते. एकानंबी म्हटलं नाई, भौ, जरा हा पाना धरा. मी उठलो तं म्हणत, बसा बसा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसलो आन् आलो घरी."

माइकवाला खाली पुन्हा हॅलो म्हणाला.

"इथं बिमार आन् तिथं पाहुणा," बाबा म्हणाले. "आता तूच सांग, नारळ कोणत्या तोंडानं फोडू? आन् कुलदीपचं काय? त्यानं माह्यासाठी दुकान मोडलं. माही जागा परत घेतो म्हणू, आन् दोन महिन्यानं हात नाई चालला तं? दोघंबी घरी. लेकरू पाळण्यात."

रागिणीकडे 'प्रयत्नांती परमेश्वर'पासून बरंच काही पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य या कट्ट्यावर ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं. तिने इतकंच विचारलं, "पण बाबा, तुमाले जा वाटते का?"

बाबा अंधारात जाणाऱ्या छपरांकडे बघत होते.

"सकाळी भोंगा वाजला का मी आंथरुणावरून पाय खाली सोडतो," ते म्हणाले. "अजूनबी. मंग आठवते आन् वर घेतो."

जिन्यावर पावलं वाजली. आई चहा घेऊन आली होती, बाबांचा बशीत ओतून गार केलेला, म्हणजे त्यांना फक्त ओठाला लावायचा. तिने दोघांची तोंडं पाहिली आणि तिला कळलं. बशी तिने कट्ट्यावर ठेवली.

"काय सांगतलं इले?"

"सगळं," बाबा म्हणाले.

"जिनात गेले होते तेबी?"

बाबांनी चमकून पाहिलं. आई पदराने कट्टा पुसू लागली, आधीच झटकलेला. "चपलेले सरकी लागली होती. देवळात कुठची सरकी? मी धुऊन टाकली चप्पल. मले वाटलं, नाई बोललं तं नाई होत."

तिघेही एकमेकांवर इतका जीव टाकत होते आणि त्या जिवापायी घरात एक माणूस बसल्या जागी संपत चालला होता, आणि हे थांबवणारं कोणीही नव्हतं. रागिणीला रडू येत होतं. पण तिला हेही कळत होतं की आपण रडलो तर हे दोघं लगेच आपल्याला सावरायला लागतील, मग खाली जाऊन जेवतील, आणि परवा नारळ फुटेल.

ती उठली आणि दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मी उद्या सकाळी नत्थुजीच्या घरी जाणार हाय," ती म्हणाली. "त्यायच्यासंग मॅनेजरकडे. त्यायले सांगणार का होळीले बाबा नाई म्हणालेच नव्हते. आमी म्हणालो होतो. आन् आजबी आमीच."

"आन् कुलदीपभाऊ?" आई म्हणाली. "त्यायच्या पोटावर पाय द्याचा का?"

"काकाचंबी सांगणार. दुकान मोडल्याचं. माहीत हाय मले, काका माह्याशी बोलणार नाई. काकी रुद्रांशले माह्याजवळ देणार नाई. आबाजी काय करतीन ते तं मले सांगताच येत नाई." तिने ओढणी खांद्यावर सारखी केली. "तरी जाणार."

बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत आशा असती तर बरं झालं असतं. तिथे भीती होती, साधी, उघडी भीती, जी पट्ट्यापुढेही आली नव्हती.

"आन् तू सगळं सांगून आली," ते म्हणाले, "आन् मीच नाई गेलो तं?"

"तं नका जाऊ," रागिणी म्हणाली. "मी तुमच्या वाटचं हो म्हणायले चालली नाई, बाबा. तुमच्या वाटचं 'नाई'बी म्हणणार नाई. मी एवढंच सांगून येणार का यापुढं गोपालभाऊचं काही इचारायचं असन तं आमच्या घरी निरोप धाडू नका. त्यायलेच इचारा, आन् ते बोलतवर थांबा."